मागच्या शेतातल्या वेली

मी, कॉर्नेलियस फ्रीझन, वय वर्षे ८१, धंदा द्राक्षबागाईत, राहणार नायगारा, ओंटारियो प्रांत, कॅनडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर, पुढची बाग व ट्रॅक्टर मुलगा पीटर यास. ट्रॅक्टर थंडीत हट्ट करतो. त्याला शिव्या देऊ नयेत, मी देऊन पाहिल्या आहेत.

२. चुलतभाऊ हेन्री यांस काही नाही. १९७४ साली नेलेली शिडी हाच त्यांचा वाटा समजावा.

३. मागचे चार एकर शेत, वेलींसह, आमचे शेजारी कै. याकोब रेंपेल यांची मुलगी अग्नेस हिला, विनाअट. पीटर, तोंड वाकडे करण्याआधी पुढचे वाच.

१९८८ च्या निवडणुकीत अमेरिकेशी खुल्या व्यापाराचा प्रश्न होता. बागाईतदारांच्या सभेत मी कराराच्या बाजूने बोललो. दोन्हीकडे लोक मत देतात, नको झालेल्या सरकारला घरी बसवतात, तंटा झाला तर पंच नेमतात. अशा शेजाऱ्यांनी मध्ये जकातीचे कुंपण घालून आपल्याच लोकांना महाग माल का विकावा? आपली द्राक्षे त्या कुंपणाच्या आडोशाने तगली आहेत, हेही मी सांगितले. "चटका बसेल, पण सगळ्यांना सारखाच बसेल," असे म्हणालो.

याकोब उठला. "कॉर्नी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तूही माझ्यासारखाच बुडणार असशील, तर माझा हात वर." त्या एका हाताने कराराला पाठिंब्याचा ठराव पास झाला.

करार झाला. कॅलिफोर्नियाची वाइन स्वस्त आली आणि जुन्या द्राक्षांना कोणी विचारेना. याकोबने आपल्या वेली मुळासकट उपटल्या आणि तो माझ्याकडे छाटणीला येऊ लागला. कारण मागच्या शेतात, झाडांच्या रांगेआड, मी १९८६ सालीच युरोपी वाणाच्या, कॅलिफोर्नियाच्या वाइनपुढे टिकणाऱ्या वेली लावल्या होत्या. कोणालाही न सांगता.

छाटणाऱ्याला खोडावरून वेलीचे वय कळते. पहिल्याच हिवाळ्यात त्याने कात्री थांबवून विचारले, "या निवडणुकीआधीच्या का रे?"

"चल, कॉफी निवतेय," मी म्हणालो.

तो आला, कॉफी प्याला. पुढे सोळा हिवाळे त्याने त्याच वेली छाटल्या, पण पुन्हा विचारले नाही. त्याने चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मला बरे झोपता आले असते.

करार योग्य होता, हे मी आजही म्हणेन. इथली वाइन सुधारली, पीटरचा संसार त्यावरच उभा आहे. 'सारखाच' हा शब्द मात्र खोटा होता, आणि याकोबने हात वर केला तो त्याच शब्दासाठी. मला लाज वाटते.

४. याकोबची कात्री शेडमध्ये खिळ्याला आहे. तीही अग्नेसला. मी तिला धार लावलेली नाही, तो हक्क माझा नाही.

५. वकीलबाई म्हणतात, इथे मिळकत लिहा, कबुली नको. तरी दफनानंतर, बागाईतदारांची ती सभा झाली त्याच सभागृहात, कोणी माझे गुणगान सुरू करण्याआधी, कलम ३ मोठ्याने वाचावे. अग्नेसने शेत नाकारले तरी वाचावे. आणि शेवटी तिच्याकडे बघून पीटरने तिच्या बापाला उत्तर द्यावे: हो याकोब, आधीच्या. दोन वर्षे आधीच्या.

सही: कॉर्नेलियस फ्रीझन

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, आम्हाला यातून काही मिळणार नाही:
मार्गारेट थीसेन, वकील
लुईजी बेर्तोली, शेजारी

नायगारा, ९ फेब्रुवारी २००९