पाखरांवरची चाल

६ नोव्हेंबर १९९४
आजपासून वही. साताऱ्याकडून न्हावा शेव्याला डंपर चालवायला येऊन दोन महिने झाले. गावच्या तमाशाच्या फडाचे कोंडिबानाना म्हणालेत, माघातल्या जत्रेला कोणी न ऐकलेली चाल आण, तर फडात घेतो. नाहीतर जन्मभर स्टेअरिंग फिरव.
टाइम भरपूर आहे. कंपनीच्या मातीच्या भरावाला लागून खाडी. इथल्या गावकीनं ती पाखरांसाठी राखलीय, होळीपर्यंत कोणी जाळं टाकत नाही. गुलाबी, उंच पायांची. हजार तरी असतील. सगळी एकदम बोलतात. ध्रुवपद उभ्या उभ्या सुचलं! अंतरा उद्या.

२० नोव्हेंबर
अंतरा नाही. चौदा खेपा मुरूम. पाखरं लांब सरकलीत. माझ्या गाण्याला लाजत असतील. हळू गायचं ठरवलं.

११ डिसेंबर, दुपार
रंगूबाई भेटली. इथली आगरी बाई, कडेला शिंपल्या वेचते. ध्रुवपद ऐकवलं. म्हणाली, "बरा हाय. पन दिसभर त्यांचे पान्यान माती वततस, न् वर त्यांनाच गानी म्हनतस? लाज नाय वाटत रं?" म्हटलं, मावशे, माती कंपनीची, गाणं माझं.
बाईला कलेतलं कळत नाही.

२ जानेवारी ९५
संकल्प: हॉर्न बंद. पाखरं बिचकतात.
आज बावीस खेपा! मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "वाघ हाईस लेका." पाखरं चाळीसेक उरलीत. बरंच झालं, एकेकाचा आवाज सुटा ऐकू येईल.

१९ जानेवारी
एकपण नाही. थंडीमुळं. रंगूबाई म्हणते, ती थंडीतच येतात. तिला काय.
नानांचं कार्ड: चाल झाली का? ढोलकीवाला खोळंबलाय. कळवलं, झाली. फक्त अंतरा राहिलाय.

५ फेब्रुवारी
ध्रुवपद पण बिघडलं. त्यांचा आवाजच आठवेना. रंगूबाईला म्हटलं, मावशे, तू जन्मापासून ऐकतेस, एकदा काढून दाखव. तिनं तोंडापाशी हात नेला, पण आवाज निघेना; हात खाली घेतला. मग म्हणाली, "रोज व्हती ना रं. ध्यानान कोन ठेवतंय?"
टोपली रिकामी होती. शिंपल्यांवर पण मुरूम पडलाय.

१४ फेब्रुवारी
उद्या जत्रा. गेलो नाही. नानांना कळवलं, सुट्टी मिळेना. मागितलीच नव्हती.
इथला भराव संपला, रोलर फिरतोय. मुकादम म्हणाला, सोमवारपासून पलीकडची खाडी, पहिली खेप तुझी. तिथं पाखरं लय आहेत म्हणे. अंतरा तिथं नक्की.