एका मास्कची शेड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त गायनशिक्षिका, हे मृत्युपत्र पुढच्या खोलीतल्या टेबलापाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि देताना "बाई, तुमचं चालतं तेवढं माझं चाललं तरी पुरे" असंही म्हणाले, तेही नोंदवून ठेवते. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायचा प्रयत्न धाकट्या दिरांनी एकदा केला होता, पण तो मशीनच्या बाबतीत. त्याचा समाचार पुढे घेतला आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. घरावरून आमच्यात कधीच वाद नव्हता. हे मृत्युपत्र मी मागच्या अंगणातल्या शेडसाठी करत आहे. मी गेल्यावर ती शेड पाडली जाऊ नये आणि माझ्या सुनेचं वेल्डिंग बंद पडू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. सून वेल्डिंग करते हे माझ्या मुलाला ठाऊक नाही. हे वाचलं जाईल तेव्हा होईल.

कलम १. राहतं घर, गच्चीसकट, मुलगा आणि सून या दोघांना समान हक्काने देत आहे. न्हाणीघराचा नळ अर्ध्यावरच थांबवावा. पुढे फिरवला की तो रुसतो आणि मग प्लंबरच्या विनवण्या कराव्या लागतात.

कलम २. पुढचं लोखंडी फाटक कोणत्याही सबबीखाली बदलू नये. हे गेले त्याच वर्षी त्या फाटकाची बिजागरी तुटली. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे मी रोज खेटे घालत होते. तो रोज म्हणायचा, "उद्या नक्की, बाई." गल्लीत त्याचं नावच उद्या पडलं होतं. घरात नवरा नाही आणि दाराला फाटक नाही, अशी मी संध्याकाळी पायरीवर बसून रडले होते. फाटकासाठी रडले असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं. मग एका सकाळी मनात आलं, याच्या उद्याची वाट कुठवर बघायची? आपणच शिकावं.

त्या फाटकाची डावीकडची बिजागरी मी जोडलेली आहे. दिसायला ती भयंकर आहे. पण फाटक उघडतं, लागतं आणि मुख्य म्हणजे कुरकुरत नाही. कुरकुरलं असतं तर मीच ते ऐकून घेतलं नसतं.

कलम ३. अंगणात जास्वंदीच्या कुंडीखाली जे मोठं जुनं मशीन आहे, ते मी धाकट्या दिरांना देत आहे. ते त्यांनी स्वखर्चाने, स्वतःची माणसं आणून, कुंडीला धक्का न लावता उचलून न्यावं.

कारण असं. मला वेल्डिंग शिकायचं आहे म्हटल्यावर मुलगा "आई, भलतं काय" म्हणाला आणि दीर "मी आहे ना" म्हणाले. दुसरं जास्त महागात पडलं. "वहिनी, घ्यायचं तर एकदाच, आणि दणदणीत," असं म्हणून त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून हे सेकंडहँड धूड माझ्या गळ्यात मारलं. चार जणांनी ते टेम्पोतून उतरवलं. भाऊजींनी ऐटीत बटण दाबलं, मशीन एकदा हुंकारलं, आणि आमच्यासकट शेजारच्या काकूंचीही वीज गेली. काकूंचं वॉशिंग मशीन दार लावून घेऊन बसलं आणि आत त्यांची एकुलती एक चांगली चादर. भाऊजी म्हणाले, "तुमचं वायरिंगच कमजोर आहे." मशीन घेण्याआधी वायरिंगकडे बघायचं असतं, हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

कलम ४. पोस्टातली ठेव मुलाला. मात्र तिच्यातून माझ्या धाकट्या बहिणीला एक वेल्डिंग मशीन घेऊन द्यावं, कारण तिलाही आता परसात मांडव आणि बाक करायची हौस आली आहे आणि मी तिला शब्द दिला आहे. खरेदीला भाऊजींनी सोबत जाऊ नये, ही अट आहे.

बहिणीसाठी लिहिते. पहिलं मशीन घेताना आपल्याला काय जोडायचं आहे ते आधी ठरव. खुर्ची, कुंडीचा स्टँड, फाटक, एवढंच ना? मग रॉडवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन पुष्कळ झालं. एका हाताने उचलता येतं, उघड्या अंगणात वाऱ्यातही चालतं आणि सिलिंडरची भानगड नाही. पातळ पत्र्याला मात्र रॉड भोकं पाडतो. त्यासाठी तारेवर चालणारं मशीन सोपं, पण ते महाग, आणि तुला पत्र्याचे डबे करायचे नाहीत. खोक्यावरच्या अँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. त्या आकड्यावर मशीन सलग किती वेळ चालतं, ते दुकानदाराला विचार. तो विषय बदलू लागला तर दुकान बदल. घरी इलेक्ट्रिशियनला बोलावून जाड वायरचा वेगळा प्लग काढून घे. वाचवायचे तिथे मशीनवर वाचव, पण मास्क, चामड्याचे हातमोजे आणि सुती कपडे यांच्यावर वाचवू नकोस. मास्क आधी घे, मशीन नंतर. जस्ताचा चकचकीत मुलामा दिलेला पाइप जोडायला घेऊ नकोस, त्याचा धूर वाईट.

हे सगळं मला माझ्या सुनेने शिकवलं. धूड बंद पडल्यावर तिनेच दुकानोदुकानी फोन केले. आम्ही दोघी भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि पिशवीत मशीन घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "साहेब नाही आले?" सून म्हणाली, "साहेबांना उचलवत नाही." मी तोंडाला पदर लावून हसले.

कलम ५. मागची शेड, छोटं मशीन, ग्राइंडर, पकडी आणि उरलेलं सगळं लोखंड मी माझ्या सुनेला, एकटीला देत आहे. सोबत: मास्क, एक.

माझा मुलगा वाईट नाही, हे इथेच स्पष्ट करते. तो डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस आहे. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे विव्हळत येणारे वेल्डर तो रोज बघतो. भीती त्याच्या मनात बसली आहे आणि ती प्रेमाचीच आहे. मला तो म्हणाला, "तू हट्टी आहेस, तू ऐकणार नाहीस. पण हिला त्या शेडमध्ये पाय ठेवू देऊ नकोस." मी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, हे त्याने विचारलं नाही. पुढे तो असंही म्हणू लागला, की आईनंतर ती शेड काढून टाकायची.

माझा हात थरथरू लागला तेव्हापासून शेडमधलं सगळं काम सुनेचं आहे. गच्चीचा कठडा तिचा. काकूंचा कपडे वाळत घालायचा स्टँड तिचा. मुलगा ज्या लोखंडी खुर्चीत बसून रोज सकाळी चहा पितो आणि आल्यागेल्याला "या वयात माझ्या आईने केली" म्हणून दाखवतो, ती खुर्चीही तिची. तो सांगतो, मी हसते, आणि सून आतून चहा आणते. इतके दिवस तीही हसायची. परवा पाहुण्यांपुढे ती हसली नाही. तिने कप ठेवले आणि आत निघून गेली. मला फार लागलं ते.

आणखी एक. शेडमध्ये मास्क एकच, कारण दोन दिसले असते तर मुलाला लगेच कळलं असतं. म्हणून ती काम करते तेव्हा मी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसते आणि ऐकते. जन्मभर मुलांचे सूर ऐकले, आता ठिणगीचा ऐकते. नीट चालली असेल तर एकसारखी चरचर येते. हात लांब गेला की आवाज फाटतो, रॉड चिकटला की गप्प. मी भिंतीकडे बघूनच म्हणते, "जवळ ये, जवळ." ती म्हणते, "आले, आई." असं आमचं चालतं. पण माझ्या सुनेचा टाका लोखंडावर पडताना मी आजवर कधीही पाहिलेला नाही.

कलम ६. वर सांगितलेली चहाची खुर्ची मुलाला. ती कोणाच्या हातची आहे हे त्याने पुढे खरं सांगावं.

पुरवणी. वरचा मजकूर मी साक्षीदार म्हणून आलेल्या वेल्डरला, म्हणजे उद्याला, वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, हे वाचतील तेव्हा सूनबाईंच्या बाजूने बोलायला तुम्ही असाल का?"

"मी कशी असेन?"

"मग असेपर्यंतच वाचून दाखवा ना मुलाला."

"बघू. उद्या दाखवते," मी म्हणाले.

"उद्या नको, बाई," तो म्हणाला. "आजच."

या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर मला दुसरा मार्ग उरला नाही. मी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सगळं वाचलं. सून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मुलगा उठून शेडमध्ये गेला. बराच वेळ आत होता. बाहेर येऊन त्याने बायकोला एवढंच विचारलं, "मास्क खरोखर एकच आहे. म्हणजे आई तशीच बसते?"

"हो, भिंतीकडे तोंड करून," ती म्हणाली. "ऐकतात."

तो चपला घालून निघून गेला. आम्ही दोघी जेवलो नाही. सून म्हणाली, "आई, कशाला वाचलंत?" मी ताटं झाकून ठेवली.

संध्याकाळी तो आला तो एक खोकं घेऊन. आत मास्क होता. दवाखान्यातल्या दिव्यावर त्याने त्याची काच तपासून आणली होती. आधी स्वतःच्या डोक्यावर घालून बघितला, मग पट्टा आवळत आवळत माझ्या मापाचा केला. बायकोला म्हणाला, "तुझाही आण. काच दर महिन्याला मी बघणार, त्यात कुरकुर चालणार नाही." ती म्हणाली, "बरं." मग तिने मान वळवली आणि डोळे पुसले. शेडमधलं माझं स्टूल त्याने स्वतः उचलून फिरवलं.

सुनेने रॉड टेकवला आणि तिचा टाका पडताना मी पाहिला. हिरव्या काचेत एक बारीक उजेड सावकाश सरकत गेला आणि त्याच्या मागे लोखंड वितळून सारखं बसत गेलं. मी ऐकत होते तेच होतं ते. फार सुंदर होतं.

म्हणून कलम ५ मध्ये बदल: "मास्क, एक" असं आहे तिथे "दोन" असं वाचावं. पहिला सुनेचा. दुसरा, आणि शेडमधलं माझं स्टूल, मी माझ्या मुलाला देत आहे. मी गेल्यावर तिथे त्याने बसायचं आहे. तोंड भिंतीकडे करायचं नाही.

हे सगळं मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. सहीचा हात थरथरला आहे, मन नाही.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरचा वेल्डर (सही, वेळेवर हजर होता)
२. शेजारच्या काकू (सही; चादरीबद्दल आता तक्रार नाही)

स्थळ : राहतं घर, मागची शेड
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२४, रविवार