गरम खोलीतला दादा

५ फेब्रुवारी

ती. दादास,
चिंगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले. पाठीच्या दुखण्याने अकरा महिने घरी बसलेला माझा भाऊ तापवलेल्या खोलीतल्या हॉट योगाला जायला लागतो, आणि सहा वर्षं तेच शिकवणाऱ्या बहिणीला सगळ्यात शेवटी कळवतो! वर त्याला ‘हौसेने भट्टीत जाऊन बसणं’ म्हणतोस. बेकरीच्या भट्टीवर बावीस वर्षं काढलेला माणूस म्हणतोय म्हणून सोडून देते, दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

आता जरा माझं ऐक. पाणी वर्गाच्या तोंडावर ढोसू नकोस, सकाळपासून थोडं थोडं पीत जा. आधी दोन-तीन तास हलकंसं काही खा. भरल्या पोटी नको आणि उपाशी तर मुळीच नको. टॉवेल दोन ने. एक चटईवर अंथर, नाहीतर घामाने पाय घसरेल. आठवड्यातून दोनदाच जा आणि मधले दिवस अंगाला विसावा दे. नाकाने श्वास घेणं जमेनासं झालं की समजायचं, आपण जास्त ताणतोय. गरगरलं तर सरळ आडवा हो. तिथे कुणी नापास करत नाही.

पाठीचं आणि रक्तदाबाच्या गोळीचं डॉक्टरांच्या कानावर घातलंस ना? शिकवणाऱ्या बाईंना सांगितलंस ना? आधी या दोन प्रश्नांची उत्तरं दे, बाकीच्या गप्पा मागाहून.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, लिहायचा आळस तेवढा कमी कर.

तुझी
चिंगी

१९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काल-परवापर्यंत माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळणारी पोरगी मला पाणी कसं प्यायचं ते शिकवते, म्हणजे कमालच झाली.

माझी काळजी करू नकोस. त्या खोलीची धग म्हणजे आमच्या भट्टीचं दार बंद असताना बाहेर लागायची तेवढी. माझ्या शेजारी एक चष्मेवाला असतो. तो दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन वारा खाऊन येतो. मी जागचा हलत नाही. सुरुवातीला दोनदाच जायचो, पण आता रोज जातो. पाण्याचं म्हणशील, तर भट्टीवर पाळी संपल्याशिवाय आम्ही पाण्याला हात लावत नव्हतो. सवय आहे.

पाठ उत्तम आहे. तुझी वहिनीही उत्तम आहे. तिला उगाच काही लिहून घाबरवू नकोस. तुझ्या त्या दोन प्रश्नांचं सवडीने लिहितो.

तब्येतीला जप आणि माझ्यावर रुसू नकोस.

तुझा
दादा

२७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
वहिनीचे आशीर्वाद.

तुझ्या दादाने ‘सगळं उत्तम’ लिहिलं असेल, म्हणून मी लिहायला बसले. मंगळवारी ते वर्गात पडले. सलग नववा दिवस होता. सकाळपासून पोटात नुसता चहा. खाली वाकून झटकन वर आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या बाईंनी आणि शेजारच्या चष्मेवाल्यांनी धरून बाहेर आणलं, पाय उंचावर ठेवून निजवलं, शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं. नशीब, डोकं आपटलं नाही. बाईंना ना पाठीचं ठाऊक होतं, ना गोळीचं. मला हे सगळं चष्मेवाल्यांकडून कळलं. यांनी घरी येऊन झोप नीट झाली नव्हती एवढंच सांगितलं.

मग मी हटूनच बसले, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. बेकरीतला भट्टीवाला पुढच्या महिन्यात काम सोडतोय. यांना परत तिथे उभं राहायचंय. अंगाला धगीची सवय मोडायला नको म्हणून हा सगळा खटाटोप. स्टोअरमधलं बसून करायचं काम मालकांनी देऊ केलं होतं, ते यांनी मला न विचारता नाकारलंय.

माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. मी कळवलं हे खुशाल सांग. या घरात लपवाछपवी पुरे झाली.

अशीच जीव लावत राहा.

तुझी
वहिनी

३ मार्च

ती. दादास,
चिंगीचा सा. न. वि. वि.

वहिनीने सगळं कळवलंय. भांडायचंच म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं, पण दोन कागद फाडले.

तुला एक सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हॉट योग शिकत होते त्या वर्षी मी दोनदा वर्गात कोसळले आणि दोन्ही वेळा पाय घसरला म्हणून थाप मारली. मला काढून टाकतील अशी भीती होती. त्यामुळे तू का लपवलंस ते मला पुरतं कळतं.

पण दादा, धग सोसणं वेगळं आणि वजन उचलणं वेगळं. त्या खोलीत तुझे आखडलेले खांदे सुटतील, झोप लागेल, मन हलकं होईल. कमरेच्या मणक्यातली सरकलेली चकती तिथे जागेवर बसणार नाही. मला तसं सांगता आलं असतं तर सगळ्यात आधी तुलाच सांगितलं असतं.

आधी डॉक्टरांकडे जा, वहिनीला घेऊन. ते हो म्हणाले तरच परत वर्गाला जा, आणि बाईंना सगळं सांगून अगदी पहिल्या दिवसापासून सुरू कर. पहिल्या दिवशी काही करू नकोस, नुसता त्या खोलीत बसून श्वास घे. वर्ग संपल्यावर ओले कपडे बदल, घाईने रस्त्यावर पळू नकोस.

रागावलास तरी चालेल, पण अबोला नको.

तुझी
चिंगी

९ एप्रिल

चि. चिंगीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही कारण खरं लिहायचं होतं आणि ते सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी तीन आठवडे वर्ग बंद ठेवला, गोळी बदलली. आता आठवड्यातून दोनदा जातो. बाई पुढे वाकायला लावत नाहीत. बाटली सोबत असते, आणि हो, पाणी सकाळपासून पितो.

सोमवारी बेकरीत गेलो. मालकांनी भट्टीसमोर उभं केलं. धगीचं काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं. मग भरलेला ट्रे उचलायला वाकलो आणि कमरेत ती कळ आली. दात आवळून उचलला असता, गं. मी हात काढून घेतले आणि मालकांना म्हणालो, की हे काम आता माझ्याच्याने होणार नाही. एवढं एक वाक्य, पण वर्षभरात मी ते स्वतःलासुद्धा म्हटलं नव्हतं. मालक म्हणाले, की स्टोअरची खुर्ची अजून रिकामी आहे, आणि नव्या माणसाला पावाचा रंग ओळखायला शिकवणारं कुणीतरी हवंच आहे. मी हो म्हणालो. एक तारखेपासून जायचंय.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. मला वाटलं, हिला वाईट वाटेल. ती म्हणाली, की वर्षभर मी कूस बदलताना कण्हतो आणि दर वेळी तिला जाग येते. मी समजत होतो, गुपचूप सोसतोय. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातच बसलो, बराच वेळ. माझा हात तिने सोडला नाही.

सुट्टी काढून ये. तुझ्या बोलण्याची वाट बघणारी दोन माणसं इथे आहेत.

तुझा
दादा