खालच्या खोलीतली भट्टी

३ ऑक्टोबर, गुरुवार

नाही वाढवणार! तेवीस वर्षं बहारीनमध्ये एसीच्या एकाच कंपनीत काढली आणि एचआरच्या मुलीनं सहा मिनिटांत उरकलं. साठ पूर्ण होतात, व्हिसा ३१ जानेवारीपर्यंत, पुढं रिन्यू नाही. साधं पाणी विचारलं नाही. सहीसाठी पेन मात्र आपलं काढून दिलं.

पुष्पलताला सांगितलं नाही. घरी आलो तर ती पोळ्या लाटत होती. तोंड का उतरलं, विचारलं तिनं. म्हणालो, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये फार उकडत होतं. तेवढं खरंच होतं.

आता जायचं कुठं? अमरावतीचा प्लॉट श्रावस्तीच्या शिक्षणापायी विकला, त्याचं दुःख नाही. एकुलती एक पोर, शिकली, नवऱ्याबरोबर कॅनडात गेली. विनिपेगला. नातू प्रबुद्ध झाला तेव्हा आम्हा दोघांचा व्हिजिट व्हिसा काढून ठेवला होता. मला रजा मिळाली नाही आणि ही माझ्याशिवाय गेली नाही. तो व्हिसा अजून चालू आहे.

पण आपण होऊन ‘येतो’ म्हणणार नाही. तिनं म्हणावं. ‘बाबा, या आमच्याकडं’ एवढं तिच्या तोंडून आलं की झालं.

५ ऑक्टोबर, शनिवार

श्रावस्तीचा फोन! नवं घर घेतलंय त्यांनी. नवं कसलं, साठ वर्षं जुनं. तळघराच्या खोलीत गॅसची भट्टी आहे, तिची गरम हवा डक्टमधून घरभर जाते. ती भट्टी आतून तडकलीय, हा हिवाळा काढायची नाही. तिथला मिस्त्री म्हणतो, हीट पंप लावा, उन्हाळ्यात गारवाही तोच देईल. पण खाली नवी गॅसची भट्टीही ठेवा, उणे तीसच्या दिवसांसाठी.

‘बाबा, तुम्ही सांगाल ते करू. प्रज्योतही तेच म्हणतो.’

जावईसुद्धा! रात्री दोन घास जास्तच गेले. हीट पंप म्हणजे काय, उलटा चालवलेला एसी. जन्मभर परक्यांची घरं गार केली, आता पोरीचं गरम करतो.

घराचा नकाशा पाठवलाय तिनं. खालच्या खोलीत अगदी मधोमध भट्टी. ती नसेल तर बारा बाय चौदाची मोकळी जागा निघते. खिडकी लहान आहे, उंचावर आहे, पण आहे.

९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडला. किती भिंती, किती काचा, किती टनांचं मशीन. आमचा स्टोअरवाला नजीब डबा खाता खाता डोकावला. ‘लहूभाई, मायनस में कभी काम किया है?’ म्हटलं, कॉम्प्रेसर तो कॉम्प्रेसर होता है. तो हसला.

कंपनीच्या पुस्तकातला तक्ता उणे पंचवीसलाच संपतो. पुढं कोरं. मी एक टन वाढवून धरला. इथं आम्ही असंच करतो, शंका आली की एक टन वाढवायचा. पन्नास डिग्रीत कधी दगा दिला नाही त्यानं.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. माहूजच्या आमच्या फ्लॅटवरच वंदना झाली. पंधरा माणसं, चपला पार लिफ्टपर्यंत. खीर वाटताना मी सगळ्यांना कॅनडाचं घर सांगत सुटलो. तिथले मिस्त्री कसे गिऱ्हाईकाला घाबरवून दोन दोन मशीनं गळ्यात मारतात, तेही सांगितलं. लोक कौतुकानं ऐकत होते.

सगळे गेल्यावर पुष्पलता भांडी आवरता आवरता म्हणाली, ‘तुमी कधी पायली तिकडची थंडी? त्या मिस्तरीलेच इचारा ना.’ मी टीव्ही मोठा केला.

१६ ऑक्टोबर

शेवटचं सांगून टाकलं. फक्त हीट पंप. भट्टी काढून टाका, नवी बसवायची नाही. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, जमिनीलगत ठेवा. मिस्त्रीला ते छातीएवढ्या उंच स्टँडवर हवंय, आणि तेही दुसऱ्या बाजूला, छपराच्या उतारापासून लांब. म्हटलं, त्याला स्टँड विकायचा असेल. सावलीसारखी जागा नाही. बहारीनमध्ये सावलीसाठी आम्ही इमारतीला चार चार फेऱ्या मारतो.

श्रावस्तीनं एकदाच विचारलं, ‘बाबा, नक्की ना? प्रबुद्ध लहान आहे.’

‘नक्की,’ म्हणालो.

मग ती म्हणाली, खाली एवढी जागा होईल, तिचं काय करायचं? म्हटलं, मोकळी असू दे, लागेल. आणि थांबलो. ती ‘बरं’ म्हणाली आणि प्रबुद्धच्या दातांवर गेली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बसलं! फोटो आले. घरात एकवीस डिग्री. नातू बनियनवर हुंदडतोय. खालच्या खोलीचाही फोटो आहे, रिकामी, फरशी धुतलेली. तो मी मोठा करून करून पाहिला. दोन खाटा सहज मावतील.

रविवारी कामावर गेलो की नजीबला दाखवायचे.

२ डिसेंबर

तिकडं उणे चौदा. घरात एकवीस. बोला म्हणावं आता!

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी सगळे जमलो, मेणबत्त्या लावल्या. श्रावस्तीचा दरवर्षी या दिवशी फोन असतो. आज नाही आला. तिच्या कामाची वेळ असेल.

पुष्पलताला व्हिसाचं अजून बोललो नाही. पोरीचं बोलावणं आलं की दोन्ही एकदमच सांगेन, म्हणजे तिला लागणार नाही.

१८ डिसेंबर, बुधवार



दुपारी चारला वर्कशॉपमध्ये व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळचे सात. बाहेर उणे तेहेतीस. छपरावरचा सगळा बर्फ रात्रीतून घसरला तो थेट युनिटवर. घट्ट बसला. आत नऊ डिग्री. श्रावस्तीच्या तोंडातून वाफ निघत होती, स्वतःच्या घरात! प्रबुद्धला तीन स्वेटर घालून रजईत धरलं होतं.

आणि मी काय सांगितलं? गरम पाणी ओता. इथं युनिट मातीनं तुंबलं की आम्ही पाण्याचा पाईपच धरतो, हाताला तेच वळण. प्रज्योतनं दोन बादल्या ओतल्या. युनिट थोडं मोकळं झालं, पण पाणी खाली पोचेपर्यंत आतच गोठलं. मी म्हटलं, आता चालू कर. पंखा फिरला आणि बर्फावर आपटून पाती तुटली. तो आवाज मी फोनवर ऐकला. आमच्या धंद्यातल्या माणसाला दाखवावं लागत नाही.

प्रज्योत म्हणाला, ‘ठेवतो बाबा.’ चिडला नाही. नुसता फोन ठेवला.

१९ डिसेंबर

ती तिघं मैत्रिणीकडं गेली. मिस्त्री लगेच येऊ शकत नाही, सगळं शहर त्यालाच फोन करतंय.

२१ डिसेंबर

प्रबुद्ध दवाखान्यात. न्यूमोनिया. दोन वर्षांचं लेकरू, नाकाला नळी.

हे मला पुष्पलतानं सांगितलं. श्रावस्तीनं फोन तिला केला.

२२ डिसेंबर

आज कामावर गेलो नाही. अरादच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडं तोंड करून बसलो. जे कुणापाशी बोलता येणार नाही ते इथं लिहून टाकतो.

तक्ता उणे पंचवीसला संपतो हे मला दिसत होतं. मिस्त्री खरं बोलतोय हेही कुठंतरी कळत होतं. खाली भट्टी असती तर बर्फ पडो की पंखा तुटो, घर गरमच राहिलं असतं. पण भट्टी राहिली तर खोली राहत नव्हती. मला ती खोली हवी होती. दोन खाटांची. तोंड उघडून मागायची लाज वाटली, म्हणून हिशेबातून काढून घेतली. सावली, स्टँड, ती सगळी माझी अक्कल. पण भट्टी काढायला लावली ती स्वार्थानं.

नातवाच्या छातीत कफ भरलाय आणि मी इथं शर्टाच्या बाह्या वर करून समुद्र बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

२६ डिसेंबर

घरी आणलं त्याला. खातोय म्हणे थोडं थोडं.

खाली नवी गॅसची भट्टी बसली. प्रज्योतनं पुष्पलताला फोटो पाठवला. तिनं फोन माझ्यापुढं धरला, मग चहा ठेवायला गेली. एकदा ताडताड बोलली असती तर बरं झालं असतं. साखरसुद्धा नेहमीएवढीच घातली.

९ जानेवारी

आज श्रावस्ती माझ्याशी बोलली. बावीस दिवसांनी. बीपीची गोळी घेता का, विचारलं. मी म्हटलं, ‘बेटा, माझं चुकलं.’ ती म्हणाली, ‘असू द्या बाबा.’ मागं प्रबुद्ध खोकत होता.

व्हिसाचं सांगायचं ठरवूनच फोन घेतला होता. नाही जमलं. ज्या तोंडानं ‘नक्की’ म्हणालो त्याच तोंडानं आता ‘मला ठेवून घे’ कसं म्हणू?

१५ जानेवारी

नजीबनं खुर्ची देऊ केली, कॅन्टीनमधली, मी रोज बसतो ती, आठवण म्हणून. घेऊन कुठं जाऊ?

२९ जानेवारी, बुधवार

तिकीट आलं. एकच, पुष्पलताच्या नावाचं. श्रावस्ती म्हणाली, ‘आईला पाठवा बाबा. प्रबुद्धला पाळणाघरात ठेवायचा धीर होत नाही. तुम्हाला काही रजा मिळायची नाही, म्हणून एकच काढलं.’ टोमणा नव्हता, खरंच वाटतंय तिला तसं. एक वाक्य बोललो असतो तर दोन तिकिटं झाली असती.

पुष्पलता बॅग भरता भरता थांबली. ‘तुमी एकटे रायसान?’

व्हिसा परवा संपतो, हे तिलाही अजून ठाऊक नाही. म्हणालो, ‘जा तू. मला काम आहे.’

विमान उद्या सकाळी दहाला. तिला सोडून तसाच तुबलीला जाईन, कंपनीचं कार्ड जमा करायला.