परवाना बाबांच्या नावावर

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इथे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, एवढंच. भांग लागवडीचा नवा कायदा तुझ्याच खात्यातून निघाला, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. अनुदानातून तारेचं कुंपण झालं, ठिबक झालं. पीक माझ्या डोक्यावर गेलंय. पेरणीच्या दिवशी बाबा हसत म्हणाले होते, "आपल्या तुळशीत आता सरकारमान्य भांग!"

परवा दुपारी तपासनीस बाई आल्या. पिकात नशेचा अंश मर्यादेबाहेर नाही ना, हे बघायला नमुने हवे होते. "परवानाधारक कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत," आई म्हणाली.

मी फाटक उघडून दिलं आणि पायरीवर बसून राहिले. वारा अजिबात नव्हता. तरी मधल्या ओळींचे शेंडे हलत होते, कुणी वाट काढत चालावं तसे.

बऱ्याच वेळाने बाई पिशव्या घेऊन बाहेर आल्या. "अहो, तुमचे वडील तर आतच आहेत की! नमुने त्यांनीच काढून दिले. भला माणूस. पण एवढ्या उन्हात स्वेटर कशाला घालतात?"

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

दादा, कसं लिहू? पेरणी झाली त्याच आठवड्यात बाबा गेले. झोपेतच. अंगावरच्या राखाडी स्वेटरसकट आम्ही त्यांना निरोप दिला. मी तुला फोन लावायला उठले, तर आईने हात धरला. "माणूस गेला की परवाना गेला आणि उभं पीक उपटायचं, हे कलम त्यानेच लिहिलंय. कळलं तर तो गप्प बसेल? आणि बसला, तर त्याची नोकरी?" पीक निघेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलं.

तू फोन केलास की मी म्हणायचे, "बाबा शेतात आहेत." इतक्यांदा म्हटलं, की तेच खरं झालं की काय, कोण जाणे.

काल मी एकटी आत गेले. "बाबा," म्हटलं. पलीकडच्या ओळीत ते खाकरले. त्यांचंच खाकरणं, दादा. मी पळाले नाही. विचारलं, "दादाला सांगू?"

अगदी कानाशी आवाज आला, "अगं, अजून सांगितलं नाहीस?"

आज सकाळी मी कचेरीत जाऊन बाबा गेल्याचं कळवलं. ऐकताना बाईंनी नमुन्यांच्या पिशव्या हळूच स्वतःपासून दूर सरकवल्या. सोमवारी पीक उपटायला माणसं येणार आहेत.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. कुंपणाशी खुर्ची टाकून ती आत बघत बोलत बसलीय, मध्येच लाजून हसते. "पीक निघाल्यावर हे जातील कुठे गं?" असं तिने विचारलं.

रागावून ये, भांडायला ये, पण सोमवारच्या आत ये.

तुझी वाट बघणारी,
आम्ही तिघं