साळवेबाई मुख्याध्यापिका झाल्या

अंबरनाथ, जून १९९४

प्रिय वृंदाताई,

तुझ्या जागी काल विशाखा साळवे मुख्याध्यापिका झाली. बौद्धवाड्यातल्या या मुलीला बी.एड.ला तूच पाठवलंस, शाळा चालवायलाही शिकवलंस. मी तुझी सख्खी बहीण, त्याच स्टाफरूममध्ये. मला कधी असं जवळ बसवलं नाहीस.

गेल्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही फक्त हरकत घ्या, साळवेबाईंना थांबवतो."

मी म्हटलं, "कशासाठी? ती सीनियर आहे, माझ्यापेक्षा चांगलीही आहे."

खरं तेच बोलले आणि घरी येऊन रडले.

काल सत्कारात तू तिला जवळ घेऊन म्हणालीस, "ही माझी पोर." आईमागे तू मला वाढवलंस, ताई. खुर्ची तिचीच होती. तो शब्द माझा होता.

हे पत्र मला पेटीत टाकवणार नाही.

तुझीच,
पद्मजा