कोरडं चालणार नाही

सोमवार, ४

नळी! डॉक्टरांनी नुसता शब्द उच्चारला आणि बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, बोलणं 'हो' आणि 'नको'वर आलं, पण कान शाबूत आहेत. आणि आम्ही त्यांच्या उशाशीच सगळं बोलत बसतो.

पुढच्या बुधवारी गिळण्याची चाचणी. तोवर खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी. दादा फोनवर म्हणाला, "अगं, घालू दे ना. घास अडकून काही झालं म्हणजे?" त्याचं चूक नाही. पण तो लांब राहतो. कुस्करलेल्या लगद्याची वाटी पुढे केली की बाबांचा चेहरा कसा होतो, ते त्याने पाहिलेलं नाही.

मंगळवार, ५

गिळण्याचा सराव घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंना विचारलं — खिम्याच्या टिक्क्या चालतील का? बाबा रविवारी स्वतः करायचे, आम्हाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायचे नाहीत. बाई म्हणाल्या, चालतील. काट्याने दाबल्यावर विस्कटल्या पाहिजेत, वरून कडक नकोत, आणि कोरडं अजिबात चालणार नाही. "कोरडं सगळ्यात वाईट. तेच घशात बसतं." लोक हौसेने रसरशीत करतात, मला ते अटीवर करायचंय! आणि रविवारी दादा-वहिनी जेवायला येणार, म्हणजे त्यांच्यादेखत.

बाबांना विचारलं, तुम्ही कसं करायचात? डावा हात हवेत खालून वर नेला. पुन्हा खालून वर. मग थकले. यातून मला काय कळायचं?

हा हट्ट त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी? नळी नको असं त्यांना वाटतं, की मला ती बघवणार नाही?

गुरुवार, ७

पहिला प्रयत्न. खडे! कांदा किसून परतला, पाव दुधात भिजवून कुस्करला, सगळं यथासांग — तरी खडे. आईने एक चावून बघितली. "दाराला अडसर म्हणून ठेव." मग म्हणाली, "मटणवाल्याला काय सांगितलंस?"

काय सांगणार, नेहमीचंच. चरबी काढून. बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून या घरात दुसरं काही कुणी मागितलेलंच नाही. मी लांबून दिसले तरी तो चरबी काढायला घेतो. इतक्या वर्षांची काळजी अशी अंगाशी आली!

मग चरबी राहू द्यायची? घशाला बरी, हृदयाला वाईट. डॉक्टरांना फोन केला. "एका जेवणाने काही होत नाही हो." ठेवल्यावर वाटलं, एका म्हणजे एकाच? पुन्हा फोन केला. त्यांनी उचलला नाही. मीही उचलला नसता.

शुक्रवार, ८

दुकानात तोंडातून "चरबी काढून" गेलंच. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले, चरबीसकट खिमा घेतला.

शनिवार, ९

आज बऱ्या जमल्या. कालपर्यंत मी खिमा कणकेसारखा मळत होते. आज सहज खालून वर उचलत कालवला, आणि हात तिथेच थांबला. बाबांनी हवेत दाखवलं होतं ते हेच! सांगितलं त्यांनी, मला समजलं नाही.

दुसरी गोष्ट उलथन्याची. आत कच्चं तर नाही ना म्हणून मी दाबून बघते. दाबलं की रस तव्यावर चर्र! मी पाठ फिरवली की आई दाबते. आज पकडली. "तुझ्यावर विश्वास आहे गं, टिक्कीवर नाही," म्हणे. ठरलं — उलथनं फक्त उलटायला. झाकण ठेवून मंद आच. शेवटी एकच मोडून बघायची, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही.

पण अडकली तर? पाठीत कसं मारायचं ते बाईंकडून शिकून आलेय. आईला पुढे वाकवून पुन्हा पुन्हा सराव केला. आई ओरडत होती, "अगं, मी खाल्लंय काय अजून!" बाबा खुर्चीतून बघत होते. त्यांच्यासमोर हे करायला नको होतं. उद्या दादाला शिकवायला हवं. हसेल. लहानपणापासून तो मला 'तपासनीस' म्हणतो.

रविवार, १०



सगळे टेबलाशी बसलो. बाबांच्या ताटात टिक्की — मऊ, वर तिचाच रस्सा. काटा लावला की विस्कटत होती. मी म्हटलं, "बाबा, लहान घास घ्या." त्यांनी घेतला. आम्ही चौघं त्यांच्या गळ्याकडे बघत. गळा हलला. वहिनी म्हणाली, "गेला!" जशी गाडी गेली. दुसरा घास. "लहान घ्या, बाबा." पुन्हा चार जोड्या डोळे. तिसऱ्याला त्यांनी काटा खाली ठेवला. "नको."

दादा म्हणाला, "झालं? आता तरी ऐकशील?" माझा तोल गेला. "अरे, खाऊन तर बघ किती मऊ आहे," म्हणत निम्मी टिक्की तोंडात कोंबली आणि बोलतच राहिले. अडकली. मला! श्वास आत जाईना, आवाज निघेना. आई "पाणी, पाणी" करत धावली, दादा नुसता उभा — त्याला शिकवायचं राहूनच गेलं होतं. मग पाठीत धपका बसला. दुसरा. तिसऱ्याला घास बाहेर.

मारणारा हात डावा होता.

शेजारच्या खुर्चीत बाबा. ओठाच्या एका कोपऱ्याने हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग मला रडू आलं, सगळे माझ्याभोवती.

सोमवार, ११

आई म्हणाली, काल ताटं उचलली तेव्हा बाबांचं रिकामं होतं. सगळे माझी पाठ चोळत होते तेवढ्यात त्यांनी संपवलं. मी हादरले — कुणीच बघत नव्हतं! अडकलं असतं तर? आई म्हणाली, "कुणी बघत नव्हतं म्हणूनच खाल्लं त्यांनी. तुझ्या गळ्याकडे चार जण टक लावून बसले असते तर तुला गेलं असतं का?"

किती आठवडे मी त्यांच्या गळ्यावर पहारा देत बसलेय. त्यांच्या शेजारी बसून जेवलेय असा एकही दिवस आठवेना.

बुधवार, १३

चाचणी. डबा नेला होता. आईने थेट सांगितलं, "बाई, तुम्हीही घ्या एक. नुसतं बघत बसाल तर ते खायचे नाहीत." बाई हसल्या, पण घेतली. आम्ही तिघींनी खाल्लं, पावाच्या भावावर बोललो. बाबा खात राहिले. बाईंची नजर होतीच, पण चोरटी. शेवटी त्यांनी कागदावरची नळी खोडली. मी दोनदा बघून घेतलं.

गुरुवार, १४

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला. मी ठरवून माझ्याच ताटात बघत होते. घास उचलला, तोच बाबांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. आम्ही थांबलो.

"लहान... घास... घे."